मागच्या दाराची वांगी

"मोठ्या माणसाच्या दारात रिकाम्या हातानं जायचं न्हाई," असं म्हणून चिमाजीनं वांग्यांची पाटी मुलाच्या, सोपानच्या, डोक्यावर ठेवली. आणि सोपानच्या वकिलीचा निकाल तिथंच लागला.

वांगी मात्र देखणी होती. सोपानच्या आईनं, इंद्रायणीनं, पहाटेच्या गारव्यात ती तोडली होती आणि एकेक वांगं पदरानं असं पुसलं होतं, जणू न्हाऊ घातलेलं लेकरूच. चिखलीच्या शिवारात कारखान्याच्या खुंट्या रोवल्या जात होत्या. जमिनीच्या नोटिसा येत, आणि त्या समजून घ्यायलाही पुण्यातल्या वकिलांचे उंबरे झिजवावे लागत. सोपान बी.ए. झाला होता. तो वकील झाला तर गावाला वाचा फुटणार होती.

लॉ कॉलेजचे प्रिन्सिपॉल प्रवेशाच्या उमेदवारांना बंगल्यावरच भेटत. फाटकाशी माळ्यानं पाटी पाहिली आणि मागच्या दाराकडे बोट केलं.

"आबा, मागनं कशाला?" सोपान कुचमला.

"आरं, घरचं माणूस समजला त्यो आपल्याला!" चिमाजी खूश.

मागच्या दारात खुद्द बाईसाहेब उभ्या होत्या. त्यांनी एक वांगं उचलून उलटंसुलटं पाहिलं.

"किडकी नाहीत ना?"

चिमाजीच्या काळजात काटा रुतला. "न्हाई बाईसाहेब. आन् पैसं नगंत. तशीच आणल्यात."

"फुकट? मग किडकीच असणार. न्या परत."

आता प्रश्न वांग्यांच्या अब्रूचा होता. चिमाजीनं ताडकन भाव सांगितला. बाईसाहेबांनी तो निम्मा केला. चिमाजीनं पागोटं सावरलं आणि पाय रोवले.

"आबा, अवो आपण आलोय कशाला?" सोपान कानाशी लागला.

"गप! सौद्यात बोलू नगंस."

सौदा तुटला, जुळला, पुन्हा तुटला. शेवटी वांगी आत गेली आणि पैसे बाहेर आले, तेव्हा दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटलं.

डोक्यावरची चुंबळ बापाच्या हाती देऊन, केस सारखे करत सोपान पुढच्या व्हरांड्यात गेला. त्याच्या आधी एका नामवंत वकिलाचा मुलगा आत होता. तो हसत बाहेर आला. "बाबांनी आठवण म्हणून दिलेत, सर," हे त्याचे जातानाचे शब्द सोपाननं ऐकले. आत गेल्यावर टेबलाखाली हापूसची पेटीही दिसली.

"शाळा कोणती?" साहेबांनी इंग्रजीत विचारलं.

"लोकल बोर्डाची, सर. चिखलीची."

"इमारत आहे का?"

"मारुतीच्या देवळात भरते, सर."

इंग्रजी चोख होतं, पण साहेबांच्या मनात देऊळच राहिलं. तेवढ्यात बाईसाहेब चहा घेऊन आल्या.

"अगंबाई! हा वांगीवाला इथं कसा?"

सोपाननं घाईनं खुलासा केला. "सर, ती वांगी आम्ही भेट म्हणून आणली होती."

साहेबांनी चष्मा काढला. "भेट? प्रवेशाच्या दिवशी? कायद्यात याला लाच म्हणतात."

सोपानची नजर हापूसच्या पेटीवर गेली. साहेबांनी ती पायानं अलगद आत सरकवली.

"मग... विकली, सर."

"म्हणजे तू वांगी विकतोस."

"होय, सर."

"मुद्दा झटकन पकडलास," साहेब कौतुकानं म्हणाले. "बुद्धी आहे तुला. पण वकिलीला नुसती बुद्धी पुरत नाही. घरचं वळण लागतं, शाळेचा संस्कार लागतो. वाईट वाटून घेऊ नकोस, जागा भरल्यात."

व्हरांड्यात अजून तिघेजण वाट पाहत बसले होते. जागा भरल्याचं त्यांना कुणी सांगितलं नाही.

बंगल्याला वळसा घालून सोपान मागं आला. चिमाजी पायरीवर बसला होता. त्याच्या हातात चहाचा कप होता, कान तुटलेला.

"सोपाना, बाईसाहेबांनी दर गुरुवारी यायला सांगितलंय बघ! मोठी माणसं, पर जीव लावत्यात. तुझं काय झालं?"

"जागा न्हाई म्हनले, आबा."

चिमाजीचा कप तोंडाशीच थांबला. मग त्यानं लेकाच्या पाठीवर हात ठेवला.

"एवढंच ना? गुरुवारी मी बोलतो की बाईसाहेबांशी. आता आपली वळख हाय या घरात."