निरोप, बेंबीच्या देठापासून

बटणांच्या कारखान्याचे मॅनेजर नोकरी सोडून लेकीकडे राहायला जाणार, ही बातमी फुटली आणि टायपिस्टबाईंनी आनंदाच्या भरात एकच पत्र दोनदा छापलं. मॅनेजर म्हणजे बटणांच्या कारखान्यात राहून पंख्याचं बटण कुणाला दाबू न देणारा माणूस. त्यांच्या खुर्चीवर आता असिस्टंट बसणार, असं मालकांनी तोंडी कबूल केलं होतं. या असिस्टंटना सगळे पुटपुटे म्हणत. ते काही त्यांचं आडनाव नव्हे. त्यांचं बोलणं ओठांबाहेर क्वचितच पडायचं, म्हणून.

"फक्त निरोपाचं भाषण तुम्ही करा," मालक म्हणाले. "मॅनेजर होणाऱ्याला चार लोकांत बोलता यायला हवं."

पुटपुट्यांनी कसंबसं भाषण लिहून काढलं. घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं आणि ते सासऱ्यांनी ऐकलं. सासरे एके काळी नाटकांतून राजे आणि सेनापती रंगवत. नाटकं कधीच बंद पडली होती. आवाजाला मात्र ते कुणी कळवलं नव्हतं.

"जावईबापू, वाचून दाखवा."

पुटपुट्यांनी वाचलं.

"हे भाषण आहे की औषधाच्या बाटलीवरची सूचना? आवाज बेंबीच्या देठापासून काढा! 'जाऊ नका' म्हणताना हात पुढे. मग थांबायचं. लोकांना वाटलं पाहिजे, आता हा कोसळतो!"

"पण ते जावेत, हीच तर सगळ्यांची इच्छा आहे."

"नटाला इच्छा नसते. भूमिका असते!"

शिकवणी सुरू झाली. एकदा पुटपुट्यांनी "थांबा! जाऊ नका!" अशी आरोळी ठोकली, तेव्हा नळ दुरुस्त करून जिना उतरलेला प्लंबर धावत वर आला आणि घाबरून त्याने नळ पुन्हा खोलला. सासरे बेहद्द खूश झाले. बायकोने फरशी पुसली.

समारंभाच्या दिवशी पुटपुटे उभे राहिले. पहिलं वाक्य नेहमीप्रमाणे ओठांतच विरलं.

"जरा मोठ्याने!" मागून कुणीतरी म्हणालं.

पुटपुट्यांनी डोळे मिटून श्वास ओढला.

"साहेब!"

तावदानं थरथरली. हिशेबनिसांच्या हातातली बशी निसटली.

"निघालात? या खुर्चीला पोरकं करून? उद्या आम्ही उशिरा आलो, तर दारात कोण उभं असेल? आमच्या चुकांवर कोण ओरडेल? आता आम्ही बिघडलो तरी विचारणारं कोण?"

आयुष्यात प्रथमच लोक त्यांचं ऐकत होते. त्या नशेत लिहून आणलेलं भाषण कधी संपलं, त्यांना कळलंच नाही. टायपिस्टबाई हुंदके देऊ लागल्या. हिशेबनिसांनी टेबलक्लॉथला नाक पुसलं. आता पुटपुट्यांना कोण आवरणार? ते गुडघ्यावर आले, हात पुढे केला.

"थांबा! जाऊ नका!"

आणि ते थांबले. त्या भयाण शांततेत मॅनेजर उठले.

"मला वाटायचं, तुम्ही सगळे माझ्यावर खार खाऊन आहात," ते म्हणाले. "लेकीला आत्ताच फोन करतो. मी कुठ्ठे जात नाही!"

मालकांनी डोळे पुसत त्यांना मिठी मारली. "राहा हो! हवी तितकी वर्षं राहा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मग जसजसं एकेकाला उमगत गेलं, तसतशा त्या विझत गेल्या. टायपिस्टबाईंचे हुंदके तेवढे चालू राहिले; फक्त कारण बदललं.

पुटपुटे एकटेच घरी निघाले. हाताशी आलेली खुर्ची गेली होती, सहकाऱ्यांनी तोंड फिरवलं होतं, आणि तरी मेलं पाऊल हलकं पडत होतं. कानांत त्या टाळ्या अजून वाजत होत्या. आपणच वाजवून घेतल्या होत्या त्या!

सासरे दारातच उभे होते.

"कसं झालं? रडले का लोक?"

"अजून रडतायत!" पुटपुटे म्हणाले, आणि तेही इतकं खणखणीत की समोरच्या बिऱ्हाडाचं दार उघडलं.