काचेच्या कपाटातले हातमोजे

आईचा विसरलेला डबा द्यायला मी रुग्णालयाच्या धोबीखान्यात गेले, तेव्हा ती मळक्या चादरी निवडत होती. "तिथे ठेव, मला शिवू नकोस," ती म्हणाली. संध्याकाळी घरी आल्यावरही आंघोळ होईपर्यंत ती हेच म्हणायची. जैविक धोक्याचे नियम खरोखर पाळणारी जागा म्हणजे आमचं घर.

रुग्णालयात त्या दिवशी धोका व्यवस्थापन सप्ताहाची पाहणी होती. भिंतीवर काचेचं कपाट, आत नवेकोरे जाड हातमोजे, कपाटाला कुलूप आणि कुलपावर लाखेचं सील. तपासनिसांनी काचेला नाक लावून पाहिलं आणि एकही हातमोजा फाटलेला नाही, याबद्दल समाधान व्यक्त केलं.

आईने सुरक्षा अधिकाऱ्यांकडे एक जोड मागितला. चादरींतून कधीकधी सुया निघतात, म्हणाली.

"मावशी, वापरला की हातमोजा दूषित होतो," साहेबांनी समजावलं. "दूषित हातमोजा कपाटात ठेवणं हाच जैविक धोका. आणि बाहेर ठेवला, तर कपाट रिकामं दिसतं."

"मग साहेब, मीच हात कपाटात ठेवते," आई म्हणाली. तपासनीससुद्धा हसले.

दुपारी सुई निघाली, ती थेट आईच्या अंगठ्यात. सुरक्षा समितीची तातडीची बैठक बसली. उपचार हा विषय समितीच्या कक्षेत नव्हता; धोका हटवणं हा होता. सुई कचरापेटीत गेली, तिचा धोका संपला. चादर उकळली, तिचाही संपला. उरला अंगठा, आणि तो आईला चिकटलेला. कामाच्या जागी जैविक धोका असू नये, या धोरणानुसार आईला सन्मानाने फाटकाबाहेर सोडण्यात आलं. निरोगी असल्याचं सिद्ध करून परत या, असं सांगितलं.

तिला ते जमलं नाही. ताप चढतच गेला. दुसऱ्या रुग्णालयाने उशीर झाला म्हणून सांगितलं, आणि आई गेली. मरताना ती कामाच्या जागी नसल्याने तिच्या रुग्णालयाला शून्य अपघातांचं मानचिन्ह मिळालं.

रुग्णालयातल्या शोकसभेत मला तिचा एप्रन परत देणार होते. एप्रन तिने वापरलेला, तेव्हा काळजी घेणं भाग होतं. साहेबांनी स्वतः कपाटाचं सील तोडलं आणि पहिला जोड माझ्या हातांत चढवला. फोटो निघाला. एप्रन बाहेर आला, तशा पुढच्या रांगेतल्यांनी खुर्च्या मागे सरकवल्या. त्यांतले बरेचजण तिने निवडलेल्या चादरींवर झोपून बरे झालेले होते. कदाचित तुम्हीही असाल.

मी हातमोजे काढून साहेबांच्या उघड्या हातांत ठेवले. एप्रन छातीशी धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं,

"आई, ये जवळ. आंघोळ राहू दे."