जनूकाकांची वीस मिनिटं

आमच्या उमेळ्याचे जनूकाका दवाखान्यात यायचे ते गजराचं घड्याळ काखेत मारून. आजार काही नसायचा. सुया उकळायच्या भांड्याशेजारी ते घड्याळ आदळायचे आणि ओरडायचे, "पानी उकळलं का? आता वीस मिनिटं. कोनी हात लावायचा नाय!"

ही ऐंशीच्या आसपासची, काचेच्या सिरिंजांच्या दिवसांतली गोष्ट. काका कंपाउंडर म्हणून निवृत्त झाले होते. त्यांची जीभ मात्र झाली नव्हती. कुणाची भीडभाड नाही. मी शाळामास्तर, तरी मला भर बाजारात "बिनडोक" म्हणायचे. मला या माणसाचा भयंकर राग यायचा.

एकदा तापाने फणफणलेला मी तासभर ताटकळलो. शेवटी माझा नंबर लागला. डॉक्टरांनी भांड्यातली सुई उचलली, तोच काकांनी त्यांचं मनगट धरलं.

"सातच मिनिटं झालीत! टाक परत!"

"काका, रांग बघा केवढी आहे," डॉक्टर वैतागले.

"रांग गेली मसनात!"

आता मीच भडकलो. "सुईतून कावीळ पसरते म्हणून भिता ना? कावीळ येते नि जाते. आमचा जीव का खाताय?"

काका धपकन माझ्याशेजारी बसले. "माझ्या बायकोची, यमुनेची कावीळ पन गेली. डोळ्यांतला पिवळेपना गेला, मी गावभर पेढे वाटले. मग तिचे सांधे धरले, तोंड सुजलं, पाय सुजले. मुंबईचा डॉक्टर बोलला, हिपॅटायटिस बी. रक्तातली प्रतिपिंडं त्या विषानूला पकडतात, पन संपवत नाय. दोघं एकमेकाला धरून फिरतात नि मूत्रपिंडात जाऊन अडकतात. वाडीतल्या पाटात पाला तुंबतो ना, तसं. पेढे वाटले मी, मास्तर. नि ती गेली."

"कुठल्या गाढवाने टोचलं होतं तिला?" मी अजून तणतणतच होतो.

काका घड्याळाची किल्ली पिळत राहिले.

"मीच. ताकदीचं इंजेक्शन. पानी नुसतं कोमट झालेलं." मग खाली बघत म्हणाले, "रांग मोठी होती."

डॉक्टरांनी सुई मुकाट्याने परत भांड्यात टाकली. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ, आटपा की लवकर!"

"वीस मिनिटं!" मी उठून खेकसलो. "कोणी हात लावायचा नाही!"