उसनी शपथ

सन २०११ च्या पौषात, ऐन थंडीत, आमच्या नगरपालिकेतल्या शपथा संपल्या. निवडणूक झाली होती. नगराध्यक्ष आणि सतरा नगरसेवक कपडे करून बसले होते, पण घ्यायला शपथ नव्हती. वरून नवा साठा येईपर्यंत गावातून उसन्या घ्याव्यात, असा नियम निघाला.

कारकून मुजावर माझ्याकडे आले. मी गवंडी. शिक्षण दुसरी.

“तात्या, तुमच्याकडे एक आहे म्हणतात. न मोडलेली.”

“आहे. बत्तीस वर्षांची.”

“कसली?”

“धाकट्या भावाच्या घरात पाऊल ठेवणार नाही. त्याच्या घराची भिंत मी बांधली होती. ती पाडून त्याने दुसऱ्या गवंड्याकडून बांधून घेतली.”

मुजावरांनी लिहून घेतलं. “अडीच वर्षं लागेल. तोवर तुम्ही बिनशपथेचे. भावाकडे जायला हरकत नाही. आणि मोडून आली तर परत घ्यावी लागत नाही.”

“जायचंय कुणाला?” मी म्हणालो.

शपथ दिली. नगराध्यक्ष शैलजाताई गाताडे यांनी ती घेतली आणि खुर्चीत बसल्या.

महिनाभर मी कुठे गेलो नाही. मग एका सकाळी ओळंबा घेऊन धाकट्याच्या, सदोबाच्या घरी गेलो. भिंतीला लावला.

“दोन सूत बाहेर आहे.”

“माहीत आहे,” सदोबा म्हणाला. “पहिल्या दिवसापासून. चहा घेणार का?”

पुढे रोज जात राहिलो. बोलणं फार नव्हतं. दोघांचेही गुडघे गेलेले. तो पेपर वाचायचा, मी भिंतीकडे बघत ऐकायचो.

२०१४ च्या ज्येष्ठात मुदत भरली. बोलावणं आलं.

“मोडलीच असेल, दादा,” सदोबा म्हणाला. “नगरसेवकांनी नेलेल्या सगळ्या मोडून आल्या. पेठेतल्या सुताराची तर पुडीत बांधून दिली.”

“बघू.”

“संध्याकाळी चहाला ये म्हणजे झालं.”

कार्यालयात शैलजाताईंनी पिशवीतून शपथ काढून टेबलावर ठेवली. मुजावरांनी उलटसुलट करून पाहिली. कुठे चीर नव्हती.

“फार जड गेली, तात्या,” त्या म्हणाल्या. चेहरा उतरला होता. “लोक नको ते कागद आणायचे, मी सही करायची नाही. घरचेसुद्धा बोलेनासे झाले. पण दुसऱ्याची वस्तू. मोडून कशी देणार?”



मुजावरांनी आवाज खाली आणला. “तात्या, ही आपली नव्हेच असं लिहून द्या. इथेच जमा करून घेतो. कोण विचारतंय?”

“माझीच आहे,” मी म्हणालो. “माझ्या हातचं काम मी ओळखतो.”

त्यांनी वही पुढे केली. मी चष्मा लावला, एकेक अक्षर जुळवून सही केली आणि शपथ उचलली. मुजावरांनी ‘परत’ असा शिक्का मारला.