वाढत्या अंगाची मोटर

बातमी आली तेव्हा धाकटेराव स्टुलावर उभे राहून पंखा पुसत होते. सुट्टीची सकाळ होती, गच्चीत कपडे वाळत होते, शेजारी कोणीतरी भिंतीला भोकं पाडत होतं. थोडक्यात, काही विशेष घडावं असा दिवस नव्हता. पंखा पुसणं हे घरातलं एकच खातं त्यांच्याकडे उरलं होतं. (बाकीची बायकोने एकेक करून काढून घेतली होती. भाजीचं खातं तर जून भेंडी आणल्याच्या दिवशीच गेलं.)

फोन बायकोने घेतला. "हो, हेच घर... नाही, ते नाहीत... नाही हो, बाहेर नाही गेलेत." मग तिने फोनवर हात ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "अहो, खाली उतरा. दादांना फोन आहे."

दादा उन्हाळ्यात गेले होते. आता थंडी पडायला लागली होती.

धाकटेराव ओलं फडकं खांद्यावर टाकून फोनपाशी गेले. पलीकडे एक होडी बांधणारा सुतार होता. "दादांची होडी तयार आहे," तो म्हणाला. "रंगसुद्धा वाळला. मोटर कितीची लावायची ते दादा सांगतो म्हणाले होते. तेवढं विचारून घ्या की."

धाकटेरावांनी काय झालं ते सांगितलं. सुताराने पलीकडे कोणाला तरी ठोकाठोक थांबवायला सांगितलं. मग म्हणाला, "मग मोटरचं आता तुम्हीच सांगा."

होडीचं घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. वरच्या मजल्यावर वहिनींना सांगायला दोघं गेले, तेव्हा त्या खिडकीशी बसून बटणं लावत होत्या. "म्हणजे खरंच सांगितली की काय यांनी!" त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

त्या खिडकीतून खाडी दिसायची आणि खाडीपलीकडे, ऊन पडलं की चमकणारा एक पत्रा. तो वहिनींच्या थोरल्या ताईंच्या घराचा. दिसायला असा हाताशी. पण जायचं तर बसने खाडीला वळसा घालून अर्धा दिवस. वहिनींना बस लागायची. साधीसुधी नव्हे, दुसऱ्या वळणाला कंडक्टर ओळख दाखवेनासा व्हायचा. ताईंचे गुडघे गेलेले, त्यामुळे त्या येण्याचा प्रश्न नव्हता. दादा नेहमी म्हणायचे, "तुला मी पाण्यावरून नेतो." नवरे असं पुष्कळ बोलतात, म्हणून वहिनींनी ते मनावर घेतलं नव्हतं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "मला न्याल का हो तुम्ही?"

उन्हाळ्यापासून वहिनींनी कोणाकडे काही मागितलं नव्हतं. मीठसुद्धा. धाकटेराव म्हणाले, "नेतो म्हणजे काय, नेणारच." (होडी कुठल्या बाजूला पुढे असते हेसुद्धा त्यांना नक्की माहीत नव्हतं.)

आता प्रश्न मोटरचा होता आणि त्या प्रश्नाच्या मागे एक जुनं दुखणं होतं.

आई-वडील लवकर गेल्यावर धाकटेरावांना दादांनीच वाढवलं आणि जे जे घेतलं ते वाढत्या अंगाचं घेतलं. शाळेतला शर्ट गुडघ्यापर्यंत, बुटांच्या टोकात कापूस, दप्तर एवढं मोठं की मागून बघणाऱ्याला वाटावं, दप्तरच शाळेत चाललंय. "लांब असलेलं दुमडता येतं, बाळ. आखूड झालेलं काही ओढून लांब होत नाही," हा दादांचा सिद्धांत. लग्नातला सूटही त्याच मापाचा होता. फोटोत धाकटेराव त्या सुटात कोणाची तरी वाट बघत उभे आहेत असं वाटतं. नोकरी वजनमापे खात्यात लागली, हेडक्लार्क झाले, केस पिकले. तरी बाह्या दुमडण्याची सवय सुटली नाही. आखूड बाह्यांचा शर्ट असला तरी हात आपोआप मनगटाशी जायचा.

आयुष्यात एक वस्तू तरी बरोबर मापाची घ्यायची, असं त्यांनी मोटरच्या दुकानाच्या पायरीवरच ठरवलं.

दुकानातला मेकॅनिक सज्जन होता. त्याचा दोष एकच, त्याला नाही म्हणता येत नसे.

"आमची सोळा फुटी होडी आहे. लाकडी. चाळीस हॉर्सपॉवरची मोटर चालेल?"

"उत्तम."

"पंधराची?"

"त्याहून उत्तम."

"आणि ही लहानशी, आठची?"

"हलकी, सुटसुटीत. पेट्रोल काय, वासावर चालते."

"अहो, पण बरोबर कोणती?"

मेकॅनिक दुखावला. "साहेब, बरोबर ते वजनावर. होडीत माणसं किती, सामान किती, एकूण वजन सांगा. मी तक्त्यात बघून आकडा सांगतो."

वजन! धाकटेरावांना आनंद झाला. हे तर त्यांचंच खातं. गेली कित्येक वर्षं गावातला प्रत्येक तराजू त्यांच्या सहीने खरा ठरत आला होता. (प्रत्यक्ष तपासायचं काम इन्स्पेक्टरचं. पण सही यांची.)

घरी येऊन त्यांनी बायकोला विचारलं, "तुझं वजन किती?"

बायकोने हातातलं भांडं खाली ठेवलं. "का?"

"मोटरसाठी लागतंय."

"मोटरला काय करायचंय माझं वजन?"

"अगं, तक्ता असतो."

"लग्नात होतं तेवढंच आहे," बायको म्हणाली. तिच्या स्वरात असं काही होतं की त्यांनी तोच आकडा धरला. वहिनींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "आता काय राहिलंय माझ्यात? चिमणीएवढं धरा." सामान? "एक पिशवी," दोघी एका सुरात म्हणाल्या. राहता राहिले धाकटेराव. ते कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या काट्यावर उभे राहिले, आकडा पाहिला आणि मनाशी म्हणाले, यातून बूट वजा, किल्ल्या वजा, आत्ताच प्यायलेला चहा वजा. शिवाय त्या काट्यावर त्यांच्या खात्याचा शिक्का असला तरी काटा कुठला विश्वासाचा! मग त्यांनी काट्याचाही दोष वजा केला.

एकूण वजन ऐकून मेकॅनिक म्हणाला, "आठची पुरे. उत्तम."

"दादा असते तर चाळीसची घेतली असती," बायको म्हणाली.

"आणि मला बाह्या दुमडून चालवावी लागली असती," धाकटेराव म्हणाले.

होडी आणायला गेले तेव्हा सुताराने मोटरकडे बघितलं. मग होडीच्या मागच्या फळीवरून हात फिरवला. मोटर अडकवायची ती फळी चांगली हातभर जाड होती. तिच्यावर ती मोटर म्हणजे हत्तीच्या पाठीला लावलेली छत्री. "दादांनी सांगून दुप्पट जाड करून घेतली," तो म्हणाला. "हेही त्यांनीच ठेवायला दिलं होतं." त्याने तीन पुडकी पुढे केली. पाण्यावर तरंगवणारी जाकिटं. एकावर दादांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'बाळ'. धाकटेरावांनी ते उघडलं नाही. आत काय मापाचं असणार ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ते बसायच्या फळीखाली सारलं.

निघायच्या दिवशी 'एक पिशवी' धक्क्यावर हातगाडीवरून आली. त्यात दोन घोंगड्या होत्या, ताईंसाठी घडीची खुर्ची होती आणि तळाशी जुनेराने गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते उतरवताना हातगाडीवाल्याने देवाचं नाव घेतलं.

धक्क्याच्या टोकाला एक निवृत्त हेडमास्तर पाण्यात गळ टाकून बसले होते. त्यांनी चष्म्यावरून होडी तपासली, उत्तरपत्रिका तपासावी तशी, आणि परत गळाकडे बघायला लागले.

समोर सरळ जायची सोय नव्हती. मध्ये वाळूचा दांडा होता. आधी धक्क्याच्या बाजूने खाडीत वर जायचं आणि मग आडवं वळायचं. धाकटेरावांनी दोरी ओढली, मोटर सुरू झाली. वहिनी पुढे बसल्या होत्या. त्यांनी पलीकडच्या पत्र्यावर जी नजर लावली ती लावलीच. होडी निघाली. धाकटेरावांना वाटलं, दादांनी हे बघायला हवं होतं.

नेमकी तेव्हाच ओहोटी लागली.

खाडीतलं सगळं पाणी त्या अरुंद तोंडातून समुद्राकडे धावायला लागलं. धाकटेरावांनी मोटर पूर्ण जोरात सोडली. मोटर ओरडू लागली, मागे पांढरा फेस उठला, होडीचं नाक वर झालं, वाऱ्याने बायकोचे केस उडू लागले. एकूण देखावा मोठ्या वेगाचा होता. फक्त धक्क्याच्या टोकाचे हेडमास्तर काही मागे पडेनात.

थोड्या वेळाने हेडमास्तरांनी विचारलं, "थांबलात का?"

"चाललोय!" धाकटेराव ओरडले.

"असं होय."

हेडमास्तरांनी गळ ओढला, आमिष बदललं, पुन्हा टाकला. होडी त्यांच्या समोरच होती.

"अजून चाललाय का?"

"पूर्ण वेगात!"

"गळ जरा सांभाळा म्हणजे झालं. तुम्ही त्याच्यावरूनच चाललाय मघापासून."

धाकटेराव घामाघूम झाले. "तक्त्याप्रमाणे हे व्हायलाच नको," ते म्हणाले. "वजन बरोबर धरलं होतं मी!"

होडीत जरा शांतता पसरली. म्हणजे मोटर ओरडतच होती, पण माणसं गप्प होती.

"अहो," बायको म्हणाली, "ते लग्नातलं वजन जरा वाढवून धरा."

"किती?"

"ओरडू नका. धक्क्यावर ऐकू जातंय. एक पोतं धरा."

"पोतं?"

"लहान पोतं."

"भाऊजी," पुढून वहिनी म्हणाल्या, "पिशवीत ताईचं शिवणयंत्र आहे. बिडाचं. मागच्या खेपेला यांनी दुरुस्तीला आणलं होतं. तुम्ही नको म्हणाल म्हणून..."

"मग मीही सांगतो," धाकटेराव म्हणाले. "मी चहा वजा केला होता."

"एवढाच?" बायको म्हणाली.

"आणि काटाही."

हेडमास्तरांनी धक्क्यावरून मान डोलावली. "प्रामाणिकपणा चांगला. पण आता दोरी टाकू का?"

त्यांनी दोरी टाकली. हातगाडीवाला परत आला, आणखी दोघं आले आणि सगळ्यांनी मिळून होडी धक्क्याला ओढून घेतली. अंतर असं नव्हतंच. मोटर बंद केल्यावर जी शांतता झाली, तिच्यात वहिनी हसायला लागल्या. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बायको आधी घाबरली आणि मग तीही हसायला लागली. उन्हाळ्यानंतर त्या घरातलं हे पहिलं हसू, तेही घराबाहेर आणि धाकटेरावांवर.

"यांनी मला वजन कधी विचारलं नाही," डोळे पुसत वहिनी म्हणाल्या. "मी म्हटलं, बरं बाई, मोठ्या मनाचा माणूस आहे. आता कळतंय. विचारून या घरात कोणी खरं सांगणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून मोठी मोटर पेलेल अशी फळीच जाड करून घेतली."

 धाकटेरावांना शाळेतले बूट आठवले. कापूस कोंबलेले नव्हेत, त्यांच्या आधीचे. ते चावत होते, अंगठ्याला फोड आला होता, आणि दादांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "नाही रे दादा, छान बसतात." दादा त्यांच्या पायांकडे बघत राहिले होते. त्यानंतर कधी त्यांनी काही चावतं का म्हणून विचारलं नाही. एक माप मोठं घेत राहिले.

दुसऱ्या दिवशी धाकटेराव मेकॅनिककडे गेले.

"आठची पुरली नाही."

"पुरणारच नाही," मेकॅनिक आनंदाने म्हणाला. "त्या खाडीला चाळीसच हवी."

"मग आठ उत्तम म्हणालात ते?"

"मोटर उत्तमच आहे, साहेब. तुम्ही वजन काय सांगितलं होतं?"

धाकटेरावांनी मुकाट्याने चाळीसची मागितली. चाळीसची मोटर दुकानात नव्हती, मागवावी लागणार होती. मेकॅनिकला नाही म्हणता येत नसल्याने तो म्हणाला, "येईल की, लगेच." धाकटेरावांनीही तो 'लगेच' जरा वाढत्या अंगाचा धरला.

वहिनी आता रोज संध्याकाळी खिडकीशी उभं राहून ताईंना फोन करतात. "मोटर यायचीय," त्या सांगतात. "मोठी सांगितलीय. हो, यांनी घेतली असती तेवढी." मग परवाची गोष्ट पुन्हा एकदा सांगतात आणि प्रत्येक वेळी तीत बायकोचं पोतं थोडं मोठं होतं.

मोटर येईपर्यंत तयारी असावी म्हणून धाकटेरावांनी ते पुडकं एकदाचं उघडलं. 'बाळ' लिहिलेला कागद घडी करून खिशात ठेवला. जाकीट प्रचंड होतं, अपेक्षेप्रमाणे. ते अंगात घालून ते आरशासमोर उभे राहिले आणि सवयीने हात मनगटाशी नेला. जाकिटाला बाह्या नव्हत्या.

"पट्टा लावा की," बायको म्हणाली.

"लावतोय."

"ओढा जरा."

"ओढलाय. पोटही आत घेतलंय."

बायकोने पुढे येऊन दोन्ही टोकं धरली, ओढली आणि सोडून दिली. मध्ये चांगलं चार बोटांचं अंतर राहिलं.

दादांनी जाकीट वाढत्या अंगाचंच घेतलं होतं. अंगच पुढे निघून गेलं होतं.

धाकटेरावांनी ते काढून खुंटीला लावलं. ताईंचं शिवणयंत्र जिन्याखाली आहे. ते अजून पलीकडे पोचवायचं राहिलं आहे.