वीरण्णानं पारखलेली लाल मोटार

"सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं न्हाई," वीरण्णा म्हणाला, "पण ज्या मोटारीपुढं भले भले मिस्त्री टरकले असते, ती मी नुसत्या कानानं पारखली. ह्या कानानं!"

माळेगावच्या जत्रेत, बैलबाजाराच्या कडेला केरबाच्या चहाच्या पालात तो ऐसपैस बसला होता. उदगीरपासून लोह्यापर्यंत बैलांचा पारखी दलाल म्हणून त्याचं नाव होतं. निदान दिवाळीपर्यंत तरी होतं. एकदा पाहिलेलं जनावर आपण जन्मात विसरत नाही, असं तो छाती ठोकून सांगायचा. पण दिवाळीनंतर त्या मोटारीची गोष्ट बाजारोबाजार पसरली, आणि भाव ठरवताना रुमालाखाली त्याच्या हातात बोटं द्यायला कुणी तयार होईना. दुष्काळानं चारा संपलेला. बैल विकणारे रांगेनं उभे, अन् वीरण्णा मात्र रिकामा. जत्रा उठायला आली तेव्हा कुठं हे पहिलं गिऱ्हाईक गाठ पडलं होतं. माळाकोळीचा रामकिशन. हाही हातचा गेला, तर वीरण्णानं पुन्हा बाजारात कुठल्या तोंडानं उभं राहावं?

म्हणून बोलणं सुरू व्हायच्या आधी त्यानं रामकिशनची विकायला आणलेली बैलजोडी जरा जास्तच मन लावून पाहिली होती. दात पाहिले, खूर पाहिले. कपाळावर चांद असलेल्या बैलाच्या मानेवर हात ठेवला, तर बैलानं अंग चोरलं.

"ह्याच्या खांद्याला गाठ धरलीय बघा," वीरण्णा म्हणाला. "कुण्या अडाण्यानं मुक्या जिवाकडून ताकदीबाहेर वजन ओढून घेतलं. शिवशिवा! भाव पडंल थोडा."

"हाव," रामकिशन म्हणाला. "जोडी तुमच्याच हाती द्यावं म्हनतो. पर आधी ते मोटारीचं काय झालं, सांगा. लोकं लई बोलून राहिले."

वीरण्णाला हेच हवं होतं.

लातूर नवा जिल्हा झाला आणि तिथले डाळीचे व्यापारी बसलिंगप्पा यांच्या मनात आलं, की नव्या कलेक्टर कचेरीत पहिलं पाऊल टाकायचं ते अशा गाडीतून, की साहेबाची जीप लाजली पाहिजे. नांदेडात एका बुडालेल्या जहागिरीचे वारस नवाबसाहेब आपली विलायती लाल मोटार विकून राहिले होते. दोन माणसांची, पाटासारखी बुटकी, अन् नाक वाघासारखं पुढं काढलेलं. बसलिंगप्पांना सगळ्यांनी सांगितलं, मिस्त्री न्या. ते म्हणाले, "मिस्त्री नट बघतो, वीरण्णा जात बघतो." आणि वीरण्णाला घेऊन गेले.

वीरण्णानं मोटारीला आधी एक प्रदक्षिणा घातली. पुढच्या जाळीतले दात मोजले, एकही पडलेला नव्हता. चारी पायांना लाथा घातल्या. पाठीवरून हात फिरवला; कातडी थरथरली नाही, म्हणजे बुजरी नाही. अशुभ भोवरा कुठं दिसला नाही. मग पुढचं झाकण उचललं आणि तो दचकलाच.

"मालक, हिचं तर पोट रिकामं हाय!"

"अरे मियाँ," नवाबसाहेब हसले, "ये विलायती है. इसका इंजन पीछे रहता."

मागच्या झाकणाची चावी नेमकी हैदराबादला राहिली होती. पण पारख्याला चावी कशाला? वीरण्णानं झाकणाला कान लावला. आतून बारीक आवाज आला: कुर्र... कुर्र...

"जिता हाय मालक! गडी आतल्या आत घोरून राहिला!"

"चालून दाखवा," बसलिंगप्पा म्हणाले.

हवेलीपुढं गोदावरीकडं उतरणारा रस्ता होता. दोन गड्यांनी हळूच रेटा दिला आणि मोटार उतारावरून निघाली. ना आवाज, ना धूर. वीरण्णाचे डोळे भरून आले. "अशी चाल बैलाची न्हाई पाहिली. पाऊल वाजंना हिचं!" बैलबाजार सपाट मैदानात भरतो, चढावर चालवून बघा, असं म्हणायची तिथं रीतच नसते. सौदा झाला.

"तिथून जी सुटली," वीरण्णा आता पालात रंगात आला होता, "माळाकोळीपर्यंत वाऱ्यासारखी!"

"पर ट्रकला दोर लावून आणली म्हनत्यात," केरबा कपबशा विसळत म्हणाला.

"ट्रकवाला घाबरट. एकट्यानं घाटात भ्या वाटतं म्हणाला, म्हणून सोबतीला बांधून घेतला."

ट्रक पुढं होता आणि मोटार मागं, हे त्यानं सांगितलं नाही. नवाबसाहेबांनी पेट्रोल संपल्याचं सांगितलं होतं. माळाकोळीला ट्रक दुसऱ्या वाटेनं वळला, डबाभर पेट्रोल ओतलं, तरी लाल मोटार ढिम्म हलेना. शेवटी गावच्या लोहारानं पहारीनं मागचं झाकण उचकटलं. आत इंजिन कधीच नव्हतं. ते नवाबसाहेबांच्या वडिलांनीच विकून फुंकलं असावं. तिथं गवताच्या घरट्यात एक तांबडी कोंबडी अंड्यांवर बसली होती. तिनं वीरण्णाकडं रागानं पाहिलं आणि म्हणाली, कुर्र.

बसलिंगप्पांनी वीरण्णाकडं पाठ फिरवली. ते वीरण्णाला फार लागलं. त्यानं गावातून भाड्यानं बैलजोडी आणली, मोटारीला जुंपली, आणि वरात लातूरच्या वाटेला लागली.

वरात लातूरला पोचली त्या दिवशी कलेक्टर कचेरीपुढं घागरी घेऊन बायका पाण्यासाठी बसल्या होत्या. बैल जुंपलेली विलायती मोटार बघून त्यांना वाटलं, हा आपल्याच मोर्चाचा भाग. "पाणी द्या! चारा द्या!" एकच गलका उठला. साहेब स्वतः खाली आले. मोटारीकडं बघत म्हणाले, "परिस्थिती इतकी वाईट झाली असेल याची कल्पना नव्हती." चारा छावणी तिथल्या तिथं मंजूर झाली. बसलिंगप्पांच्या गळ्यात हार पडला, त्यांनी भाषण केलं, अन् वीरण्णाला एसटीत बसवून दिलं. पुन्हा कधी बोलावलं नाही.

"म्हंजी छावणी माझ्या पारखीमुळं झाली!" वीरण्णानं मांडीवर थाप मारली.

"ते ठीक," रामकिशन शांतपणे म्हणाला. "पर मोटार इतकी तयारीची, मंग बैल कामून जुंपले?"

पालातले सगळे कान टवकारून पुढं सरकले. वीरण्णाला मनातल्या मनात सौद्याचा रुमाल दिसत होता, त्याखाली रामकिशनचा हात दिसत होता. आता मागं सरून चालणार नव्हतं.

"मानासाठी! नवरदेवापुढं वाजंत्री असतात, तसं. मोटार आपल्या पायानं येत होती, बैल नुसते मिरवत होते. दोर असा ढिला, की त्याच्यावर बसून चिमण्या झोका घेत होत्या. मागं मोटार हाय, हे त्या जनावरांच्या मानेला कळलंबी न्हाई. गुरूची आण!"

रामकिशननं चहा संपवला, कपबशी केरबाला दिली. बाहेर जाऊन चांद असलेल्या बैलाचा कासरा सोडला आणि त्याला पालाच्या तोंडाशी आणून उभं केलं. बैलानं वीरण्णाचा वास घेतला, फुरफुरला आणि चार पावलं मागं हटला.

"एकदा पाहिलेला माणूस जनावरबी इसरत न्हाई, अण्णा," रामकिशन म्हणाला. "माळाकोळीला हीच जोडी तुमाला भाड्यानं दिली ती माझ्या भावानं. दोर ढिला व्हता, तर आत्ता तुमीच दाखवली ती खांद्याची गाठ काय चिमण्यांच्या झोक्यानं आली? सपशेल खोटं बोलून राहिले तुमी!"