एक लाख सरकी

अमरावतीच्या ट्रेनिंग कॉलेजात मोठ्या संख्यांच्या पाठात माझा पहिला नंबर आला होता. त्यामुळे दर्यापूरजवळच्या एका खेड्यात चौथीचा वर्ग हाती येताच मी हेडमास्तरांना सांगून टाकलं, "लाख म्हणजे केवढे, ते ही पोरं डोळ्यांनी पाहतील."

गोष्ट एकसष्ट सालची. वर्गात पंचवीस मुलं, आणि 'एक हजार पाच' म्हटलं की पंचवीसही जण १०००५ लिहायचे. आधी हजार लिहायचे, मग पाच चिकटवायचे. मी ठरवलं, प्रत्येकानं घरून सरकीचे दाणे मोजून हजाराची एक, अशा चार पुरचुंड्या आणायच्या. शंभर पुरचुंड्या, एक लाख दाणे. कापसाच्या वऱ्हाडात सरकीला काय तोटा? शनिवारी शाळा तपासायला साहेब येणार होते, तेही पाहतील.

एकच गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. महिन्यापूर्वीच मी जनगणनेचे कागद घेऊन घरोघरी माणसं मोजून आलो होतो.

दुसऱ्याच दिवशी पंजाबराव पाटील शाळेत येऊन बाकावर बसले. टोपी चाचपत हळूच म्हणाले, "गुरुजी, सरकार सरकी कवा नेऊन राहिलं?"

"कोणीही नेत नाही पाटील. पोरांना आकडे शिकवतोय."

"मांगच्या महिन्यात माणसं मोजले, आता सरकी. खरं सांगा."

मी खरं तेच पुन्हा सांगितलं. ते उठले आणि बाहेर थांबलेल्या लोकांना म्हणाले, "गुरुजी सांगत नाहीत. वरून हुकूम असन."

वर्गातल्या शालूच्या घरी शेत नव्हतं, बैल नव्हता. म्हणून मी तिला म्हटलं, तू नाही आणलीस तरी चालेल. संध्याकाळी तिची आई दुर्गाबाई मजुरीहून परतताना शाळेच्या दारात उभी राहिली.

"आमच्या पोरीचे चार हजार काहून माफ केले जी?"

उत्तराची वाट तिनं पाहिली नाही. "उशीत कवडी कापूस हाये, सरकी न काढलेला. त्यातून काढतो आमी," म्हणाली आणि गेली.

शनिवारी सतरंजीवर शंभर पुरचुंड्यांचा ढीग लागला. साहेब आले, चष्मा पुसून ढिगाकडे पाहू लागले.

"किती आहेत?"

"एक लाख," वर्ग एका सुरात म्हणाला. माझी छाती फुगली.

"मग मोजू या की," साहेब म्हणाले आणि कोट काढून सतरंजीवरच बसले. प्रत्येकानं शेजाऱ्याची एकेक पुरचुंडी सोडली. थोड्या वेळानं आकडे येऊ लागले. सहाशे बारा. पाचशे चाळीस. पंजाबरावांच्या नातवाची तीनशे नऊ.

"अरे, तुला हजार मोजता येत नाहीत?" मी त्याला विचारलं.

"येतात जी. हजारच मोजले होते. आबानं अर्ध्याच्या वर काढून घेतले. म्हणे, सरकारले इतकी सरकी दाखवाची नसते."

साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. शेवटी शालूची पुरचुंडी आली. एक हजार. दुसरी सोडली, तीही हजार. दुर्गाबाई साहेबांची तपासणी पाहायला मजुरी बुडवून दारात उभी होती. साहेबांनी तिला विचारलं, "बाई, तुमचीच कशी पुरी भरली?"

"आमचं काय नेतीन साहेब? पोरगी मोजे अन् पाटीवर घरं आखून लिवे, मी दोरी बांधो. मोजता मोजता मलेबी आकडे लिवता आले."

"लिहा बरं. एक लाख पाच."

तिनं शालूची पाटी मांडीवर घेतली. सहा घरं आखली, एकेका घरावर बोट ठेवत पुटपुटली आणि लिहिलं, १००००५. तेवढ्यात उत्साहाच्या भरात मीही फळ्याकडे वळून मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, १०००००५.

शालू माझ्याजवळ आली आणि फक्त मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "गुरुजी, एक शून्य पुसा."

मी पुसलं. साहेब खिडकीबाहेर पाहत राहिले, त्यांचे उपकार.

सोमवारी शाळा सुटताना दुर्गाबाई पुन्हा आली. पाटी या खेपेला तिची स्वतःची होती.

"गुरुजी, सगळ्यात शेवटचा आकडा कोनता?"

"शेवटचा नसतोच बाई. कितीही मोठा लिहा, पुढे आणखी एक असतोच."

ती शेवटच्या बाकावर शालूच्या शेजारी बसली.

"मंग मले रोजच या लागन," ती म्हणाली.